विचारणारा शेजारी, आधार देणारे घर : महात्मा जोतीराव फुले यांचे जीवन



दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडते. हजेरीपटावर नवी नावे चढतात. मुले नवे दप्तर घेऊन मोठ्या उत्साहाने वर्गात बसतात. दिवाळीनंतर मात्र त्यांपैकी काही नावांपुढे गैरहजेरीची खूण वाढू लागते आणि परीक्षेच्या वेळी ती मुले दिसतच नाहीत. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हे का घडते, ते तुम्हांला वेगळे सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागतो, पहाटे टोपली घेऊन मूल रानात जाते, आणि नेमकी तीच वेळ वार्षिक परीक्षेची असते. मोह आटोपतो न आटोपतो तोच तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात धानाची रोवणी येते. आपल्या मोहल्ल्यातील घरांचे म्हणाल, तर कुणाचे मोटार-सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, कुणाचे शिवणयंत्र आहे, कुणी गावोगावचे आठवडी बाजार करतो. आठवीतला मुलगा चार दिवस वडिलांच्या हाताखाली मदतीला येतो आणि ते चार दिवस पुढे संपतच नाहीत. मुलीची शाळा गावात असते तोवर ती जाते. पुढची शाळा दुसऱ्या गावी असली, मध्ये नदीनाला आणि जंगलाचा रस्ता असला, की तिचे नाव गुपचूप कमी होते.

यांतील बहुतेक मुले हुशार असतात. आईवडिलांचेही त्यांच्यावर प्रेम असते. मग शाळा का सुटते? गरिबी हे एक कारण आहे, आणि ते खरे आहे. पण त्याच गरिबीत, त्याच गल्लीत, दुसऱ्या घरातील मूल दहावी, बारावी करून पुढे जाते, हेही आपण पाहतो. नीट चौकशी केली तर बहुधा असे आढळते, की त्या मुलाच्या मागे कुणीतरी होते. कुणीतरी त्याला रोज विचारत होते आणि कुणीतरी त्याला हात देत होते. या दोन गोष्टी माणसाला कुठवर नेतात, हे सांगण्यासाठी आज एका थोर पुरुषाचे चरित्र तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. त्यांच्या शिक्षणाच्या आणि कार्याच्या वाटेवर दोन मुसलमान घरे उभी होती, ही गोष्ट मात्र आपल्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल.

बालपण

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांच्या वाड्याला फुले पुरविण्याचा व्यवसाय या घराण्याकडे आला आणि त्यावरून फुले हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुला-भाज्यांचा व्यापार आणि मळा होता. जोतीराव पाळण्यात असतानाच त्यांच्या आई चिमणाबाई वारल्या. पोरक्या बाळाला सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बालविधवेने सांभाळले. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत असत. त्या घरात शिक्षणाची किंमत काय असते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जोतीरावांच्या मनात शिकण्याची ओढ लागली ती या माउलीमुळे. विद्यार्थी मित्रांनो, लक्षात घ्या, सगुणाबाईंना स्वतःला शाळा मिळाली नव्हती. शाळा न पाहिलेली बाईसुद्धा मुलाला शिकण्याची गोडी लावू शकते. आपल्या घरातील आई, आजी, खाला यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

वयाच्या सातव्या वर्षी, म्हणजे १८३४ च्या सुमारास, जोतीराव पंतोजीच्या मराठी शाळेत जाऊ लागले. वाचन, लेखन, हिशेब यांत ते तरबेज झाले. पण त्या काळी माळ्याच्या मुलाने शिकावे हे अनेकांना रुचत नव्हते. गोविंदरावांच्या दुकानातील एका कारकुनाने त्यांच्या मनात भरवून दिले, की या मुलाला शिकवून काय उपयोग, शिकून तो मळ्याच्या कामातून जाईल. गोविंदराव काही वाईट बाप नव्हते. ते कष्टाळू आणि सरळ होते. चार लोकांत वावरणाऱ्या माणसाला चार लोकांचे ऐकावे लागते, तसे त्यांनी ऐकले. १८३८ च्या सुमारास जोतीरावांची शाळा सुटली आणि हातात फावडे आले.

शेजाऱ्याची विचारणा

येथे, वाचकहो, थोडे थांबून विचार करा. मुलगा अकरा वर्षांचा. वडिलांचा चालता धंदा. मळ्यात काम भरपूर. तेराव्या वर्षी, १८४० मध्ये, त्याचे लग्नही झाले. आपल्या ओळखीत अशी किती मुले आहेत, ती आठवून पाहा. अशा मुलाबद्दल आपण काय म्हणतो? बरे झाले, मार्गी लागला. जोतीरावांबद्दलही पुण्यातील लोकांनी तेच म्हटले असते आणि आज त्यांचे नाव कुणालाच ठाऊक नसते.

पण दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्याच्या उजेडात हा मुलगा पुस्तक उघडून बसे. शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे एक गृहस्थ राहत. ते उर्दू-फारसीचे शिक्षक होते. मुलाचे वाचन आणि त्याची समज त्यांनी पाहिली. तसेच लिजिट साहेब नावाच्या एका युरोपियन गृहस्थांचेही त्याच्याकडे लक्ष गेले. हे दोघे गोविंदरावांकडे गेले आणि मुलाची शाळा का बंद केली, असे त्यांनी सरळ विचारले. या मुलाची बुद्धी मळ्यात वाया जाईल, त्याला पुन्हा शाळेत घाला, असा आग्रह त्यांनी धरला. गोविंदरावांनी त्यांचा मान ठेवला. १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. तीन वर्षांचा खंड पडला होता आणि बायको घरात आली होती. तरीही ते शाळेत गेले आणि १८४७ मध्ये त्यांनी तेथील इंग्रजी शिक्षण पूर्ण केले.

मुन्शीजींनी काय केले, ते नीट पाहा. त्यांनी पैसे दिल्याचे कुठे सांगितलेले नाही. मुलगा त्यांच्या जातीचा नव्हता, धर्माचाही नव्हता. त्यांनी फक्त एका बापाच्या दारात जाऊन विचारले. एका कारकुनाच्या शब्दाने सुटलेली शाळा एका शिक्षकाच्या शब्दाने पुन्हा सुरू झाली. समाजाचा शब्द दोन्हीकडे चालतो. तो कोणत्या बाजूने टाकायचा हे आपल्या हातात असते.

मित्रांची सोबत

शाळेत जोतीरावांना चांगले मित्र मिळाले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण कुटुंबांतील तरुण त्यांचे जिवलग झाले आणि पुढील कामात त्यांच्या बाजूने उभे राहिले. लहुजी वस्ताद साळवे यांच्या आखाड्यात जोतीरावांनी व्यायामाचे आणि शस्त्रविद्येचे धडे घेतले. पुढे महार-मांग मुलांच्या शाळा निघाल्या, तेव्हा मुले शाळेत यावीत म्हणून लहुजींनी साहाय्य केले.

पत्नी सावित्रीबाई यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरी आणि मळ्यात शिकविले. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. नवरा बायकोला शिकवितो, ते कधी होते, कधी राहून जाते. त्याला ना वेळापत्रक, ना परीक्षा. म्हणून पुढील अभ्यासाची जबाबदारी सखाराम परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी घेतली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षणही घेतले. घरची कामे सांभाळून शिकणाऱ्या एका तरुण स्त्रीमागे अशी तीन माणसे उभी होती. तेव्हा कुठे आपल्या देशाला सावित्रीबाई मिळाल्या.

मुलींची शाळा

१८४८ साल जोतीरावांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते गेले असता, माळ्याच्या मुलाने आमच्या बरोबरीने चालावे कसे, म्हणून त्यांचा अपमान करण्यात आला. तो घाव त्यांच्या मनात खोल गेला. त्याच वर्षी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांनी चालविलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली. आपल्या समाजाला अज्ञानातून वर काढायचे तर आधी मुली शिकल्या पाहिजेत, हे त्यांच्या मनाने घेतले. १८४८ मध्येच पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. जागा तात्यासाहेब भिडे यांनी दिली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. आज बारावीला बसणाऱ्या आपल्या मुलीएवढे त्यांचे वय, हे ध्यानात घ्या.

पुढे जे झाले ते सर्वांना माहीत आहे. शाळेत जाताना सावित्रीबाईंवर चिखल, शेण, दगड फेकण्यात आले. अंगावरचे लुगडे खराब झाले तर शाळेत बदलता यावे म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत. लोकांनी गोविंदरावांना घेरले. सून शाळेत जाते, परक्या मुली गोळा करते, हे थांबवा, नाहीतर वाळीत टाकू. शाळा की घर, असा प्रश्न बापाने मुलापुढे ठेवला. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडले.

ज्या समाजाच्या विचारण्याने माणूस घडतो, त्याच समाजाच्या विचारण्याने माणूस मोडूही शकतो. मुन्शीजींनीही गोविंदरावांना विचारले होते आणि या लोकांनीही विचारले. पहिल्या विचारण्यात मुलाचे भले होते, दुसऱ्यात फक्त लोकलाज होती. आपल्या मोहल्ल्यात एखाद्या मुलीच्या बापाला आपण काय विचारतो? मुलगी कॉलेजला का जाते, असे विचारतो, की मुलगी कॉलेजला का जात नाही, असे? प्रत्येकाने आपल्या मनाला हा प्रश्न करावा.

उस्मान शेख यांचे घर

घराबाहेर पडलेल्या या जोडप्याला थारा दिला तो उस्मान शेख या मित्राने. गंज पेठेतील आपल्या घरात त्यांनी दोघांना जागा दिली. शहर ज्यांना वाळीत टाकायला निघाले होते, त्यांना घरात घेणे म्हणजे शहराचा राग स्वतःवर ओढवून घेणे होते. उस्मान शेख यांनी ते केले. त्यांच्या वाड्यात मोठ्या माणसांसाठी शिक्षणाचा वर्गही सुरू झाला. त्यांची बहीण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सहभागी झाल्या. पुढे १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावी माहेरी होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख आहे. फातिमाबाईंविषयी खात्रीची माहिती फार थोडी उरली आहे, पण या एका उल्लेखातून त्यांची योग्यता कळते. सोबतीचा भार न कुरकुरता उचलणारे माणूस पाठीशी असले, की आजारी माणसालाही धीर येतो आणि कामात खंड पडत नाही.

चारचौघांत दिलेली परीक्षा

आता या चरित्रातील ज्या भागाकडे आपले सहसा लक्ष जात नाही, त्याकडे वळू. जोतीरावांनी शाळा काढल्या एवढेच आपण वाचतो. त्या त्यांनी कशा चालविल्या, तेही पाहण्यासारखे आहे.

३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत दुसरी आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. या शाळा एकट्या जोतीरावांच्या नावावर नव्हत्या. त्यांसाठी मंडळी नेमण्यात आली, तीत केशवराव भवाळकरांसारखी माणसे होती. देणगीदारांकडून पैसा येई, दक्षिणा प्राइज कमिटीकडून मदत मिळे. लोकांचा पैसा घ्यायचा तर लोकांना काम दाखविले पाहिजे, ही जाणीव या मंडळींना होती. म्हणून त्यांनी मुलींच्या परीक्षा जाहीरपणे, लोकांसमोर घेतल्या. पहिली जाहीर परीक्षा १७ फेब्रुवारी १८५२ रोजी झाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे जोतीरावांना शालजोडी देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पूना कॉलेजात पुन्हा परीक्षा झाली. २३७ मुली परीक्षेला आल्या होत्या आणि त्या पाहण्यासाठी तीन हजारांहून अधिक लोक लोटले होते.

त्या दिवसाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. चार वर्षांपूर्वी ज्या शहरात शिक्षिकेवर शेण फेकले गेले, त्याच शहरातील माणसे मुलींची उत्तरे ऐकायला गर्दी करतात! विरोधकांशी वाद घालून हे साधले नसते. मुली शिकतात की नाही, या तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणण्याची तयारी असल्यामुळे ते साधले. या जाहीर परीक्षांचा आणखी एक उपयोग झाला. परीक्षेचा दिवस ठरलेला असे, म्हणून शिक्षकांना चालढकल करता येत नसे. चारचौघांत आपली मुलगी उभी राहणार, म्हणून आईबापांना अगत्य वाटे. आणि आपल्याला ऐकायला कुणी येणार, म्हणून मुलींना हुरूप येई. १८५५ मध्ये याच शाळांतील मुक्ता नावाच्या मांग समाजातील एका लहान मुलीने आपल्या समाजाच्या दुःखांवर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. शिकण्याची संधी, पाठीवर हात आणि वाचणारे वाचक, एवढे मिळाल्यावर ते मूल काय करू शकते, याचा हा पुरावा आहे.

आधार सुटतो तेव्हा

सर्व काही यशाचेच होते असे नव्हे. १८५७ च्या उठावानंतर युरोपियन देणगीदारांकडून येणारी मदत आटली. सरकारचे धोरण बदलले. मंडळींमध्ये मतभेद झाले. १८५८ च्या सुमारास जोतीराव शाळांच्या कारभारातून बाजूला झाले आणि पुढे या शाळा टिकल्या नाहीत. सावित्रीबाईंसारख्या शिक्षिका आणि जोतीरावांसारखे चालक असूनही असे झाले. संस्था एक-दोन माणसांच्या त्यागावर उभी राहते, पण तेवढ्यावर चालत नाही. तिला शंभर घरांचा थोडाथोडा आधार लागतो. कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या चालकांनी आणि सभासदांनी हा धडा विसरू नये.

जोतीराव मात्र खचले नाहीत. १८५५ मध्ये त्यांनी कामकरी स्त्री-पुरुषांसाठी घरी रात्रशाळा काढली होती. चरित्रकार एक प्रसंग सांगतात. १८५६ च्या सुमारास रोडे आणि धोंडिराम कुंभार नावाचे दोन मारेकरी पैशासाठी त्यांना मारण्यास रात्री घरात शिरले. जोतीरावांनी त्यांना तुमचे मी काय वाईट केले, असे शांतपणे विचारले. तुमच्या गरजेसाठी माझा जीव हवा असेल तर घ्या, असे म्हणून ते पुढे झाले. दोघेही शरमले आणि त्यांच्या पायाशी बसले. पुढे ते रात्रशाळेत शिकले, एक त्यांचा रक्षक झाला आणि दुसरा विद्वान म्हणून नावारूपाला आला. बिघडलेला मुलगा सुधारत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग आठवावा.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई. तेथे जन्मलेले एक मूल त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८६८ मध्ये आपल्या घराचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीराव त्याचे पहिले अध्यक्ष आणि खजिनदार होते. समाजाच्या बैठका होत आणि कामाचा अहवाल छापून प्रसिद्ध होई. इस्लामच्या पैगंबरांविषयी आदराने लिहिलेले त्यांचे एक काव्यही आहे. जुन्या शेजाऱ्यांशी आणि मित्राशी जडलेला जिव्हाळा त्यांच्या विचारांतही उतरला होता, असे म्हणता येईल.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी आपले निवेदन सादर केले. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. गरीब मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, शिक्षकांना पुरेसा पगार द्यावा, असेही त्यांनी सुचविले. त्याचबरोबर शाळातपासणीबद्दल त्यांनी फार मोलाची सूचना केली. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीचा फारसा उपयोग नाही, ती निदान दर तिमाहीला व्हावी आणि अधिकाऱ्यांनी मधूनमधून आगाऊ न कळविताही शाळा पाहाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच निवेदनात शिष्यवृत्तीही आहे आणि तपासणीही आहे, हे पाहा. हात द्यायचा आणि हिशेबही मागायचा, हे त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सार होते. नुसता हिशेब मागितला तर गरीब मूल घाबरून पळून जाते. नुसती मदत दिली तर ती कुठे जिरली ते कळत नाही.

अखेरची वर्षे

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोले या स्नेह्यांनी उपचार केले. पैशाची ओढाताण होती. मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. अशा अवस्थेत जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक हा ग्रंथ लिहून पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी देह ठेवला. सावित्रीबाईंनी काम पुढे चालविले. १८९७ च्या प्लेगच्या साथीत डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

आपण काय करावे

वाचकहो, पुण्याच्या या गोष्टीचा आपल्या जंगलाच्या मुलखाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. मळ्यात फावडे घेऊन उभा असलेला तो अकरा वर्षांचा मुलगा आजही आपल्याकडे आहे. तो मोहाच्या झाडाखाली आहे, गॅरेजमध्ये आहे, बाजारात तराजू धरून बसला आहे. उणीव आहे ती मुन्शीजींची.

म्हणून पालकांना नम्र विनंती आहे. आपल्या गल्लीतील एकेका घराने दुसऱ्या एका घरातील मुलाची चौकशी आपल्याकडे घ्यावी. आठवड्यातून एकदा, जुम्याच्या दिवशी म्हणा किंवा बाजाराच्या दिवशी म्हणा, त्या मुलाला विचारावे, की या आठवड्यात किती दिवस शाळेत गेलास? काय अडले? हंगामाचे दिवस आले तर मुलाला कामावर नेऊ नका असे म्हणणे सोपे आहे, पण पोटासाठी ज्यांना न्यावे लागते त्यांनी निदान परतीचा दिवस आधी ठरवावा आणि तो शेजाऱ्याला व शिक्षकांना सांगून ठेवावा. सांगितलेला दिवस पाळला जातो, न सांगितलेला विसरला जातो. दुसऱ्या गावी शिकणाऱ्या मुलींनी एकेकटे न जाता दोघी-तिघींनी मिळून जावे, आणि त्या गावातील एका ओळखीच्या घराने त्यांच्यासाठी दार उघडे ठेवावे. उस्मान शेख यांनी याहून फार मोठे संकट पत्करले होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे ध्येय मनात लपवून ठेवू नका. ते एका मित्राला, एका शिक्षकांना आणि घरातील एका वडीलधाऱ्या माणसाला सांगा. कुणी विचारील या भीतीने पुष्कळदा अभ्यास होतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. संध्याकाळी चार मुले एकत्र बसून वाचू लागली, तर एकाचा आळस दुसरा मोडतो. जो मागे पडला त्याला हसू नका. तीन वर्षांच्या खंडानंतर चौदाव्या वर्षी शाळेत परतलेला मुलगा पुढे महात्मा झाला, हे त्याला सांगा.

आणि आपण जे संस्थेचे कार्यकर्ते आहोत, त्यांनीही स्वतःला यातून सोडवून घेऊ नये. वर्षातून एक दिवस मुलांना मोहल्ल्यासमोर उभे करून त्यांचे वाचन, गणित, पाठांतर लोकांना ऐकवावे. आपण गोळा केलेल्या पैशाचा हिशेब त्याच दिवशी, त्याच ठिकाणी वाचून दाखवावा. लोकांना विचारण्याचा हक्क दिला, की लोक आधारही देतात.

या वर्षी जूनमध्ये जी नावे हजेरीपटावर चढली आहेत, त्यांपैकी किती नावे पुढच्या एप्रिलपर्यंत टिकतील? आपल्या शेजारच्या दारावर आज संध्याकाळी जाऊन विचारणाऱ्या माणसांवर ते अवलंबून आहे. ते माणूस आपण व्हावे, एवढीच प्रार्थना.